साहेबांचं उपोषण

साहेब वारले तेव्हा विधानसभेत त्यांच्यासाठी शोकप्रस्ताव मांडला गेला. माजी सदस्य गेला की मांडतात. छोटासा परिचय वाचला जातो, दोघं-तिघं चार शब्द बोलतात, सगळे उभे राहतात आणि पुढच्या कामकाजाला लागतात. साहेबांच्या परिचयात सात वाक्यं होती. सातही मी लिहिलेली. पाचवं असं होतं: ‘मतदारसंघातील दुर्गम पाड्यांना जोडणाऱ्या पुलासाठी त्यांनी सात दिवस प्राणांतिक उपोषण केले.’

हे वाक्य खोटं आहे. बाकीच्या सहांचीही मी हमी घेणार नाही. ‘शेतकऱ्यांविषयी तळमळ’, ‘शिक्षणाची आवड’ वगैरे सगळ्यांच्याच परिचयात असतं, तसं त्यांच्याही होतं. त्याने कुणाचं काही गेलं नाही. पाचव्या वाक्याने मात्र एका बाईचे सात दिवस गेले. ते मी घेतले. साहेबांनी फक्त अंगावर घातले.

मी सतरा वर्षं साहेबांचा स्वीय सहायक होतो. त्याआधी नाशिकच्या एका कचेरीत लिपिक होतो. अक्षर चांगलं आणि मराठी शुद्ध, एवढ्या दोन गुणांवर त्यांनी मला उचललं आणि गंगापूर रोडवरच्या बंगल्याच्या खालच्या खोलीत टेबल दिलं. ते मला ‘भाऊसाहेब’ म्हणत. आमच्याकडे कारकुनाला म्हणतात तसं. त्यात मान फारसा नसतो, पण मला तो पुष्कळ वाटायचा.

त्यांचं खरं चरित्र फार मोठं नाही. दिंडोरीकडे वडिलांची द्राक्षबाग. कॉलेजसाठी नाशिकला दोन वर्षं राहिले. वर्गात किती बसले ते त्यांनाही आठवत नसे. परिचयात मी ‘बी. ए. पर्यंत शिक्षण’ असं लिहिलं. मग खतांचं दुकान, मग सोसायटी, मग जिल्हा परिषद, मग आमदारकी. प्रत्येक पायरीवर त्यांच्या आधी उभा असलेला माणूस एक तर आजारी पडला, नाही तर भांडून बाद झाला. साहेबांनी कुणाला पाडलं असं मी कधी पाहिलं नाही. जागा रिकामी झाली की ते तिथे आधीच बसलेले दिसायचे. बसणं ही त्यांची खरी कला होती. स्टेजवर, पंगतीत, दुखवट्याच्या घरात, कुठेही ते असे बसत की जणू ती जागा त्यांच्यासाठीच झाडून ठेवली होती.

सकाळी आम्ही गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर जायचो. दशक्रियेला. एका सकाळी तीन-तीन दशक्रिया. मी साहेबांच्या मागे अर्ध्या पावलावर उभा राहायचो आणि हलक्या आवाजात नाव पुरवायचो.

"कोण गेलं?"

"आई."

"कुणाची?"

"समोरच्यांची. केस काढलेत ते."

"सगळ्यांनीच काढलेत, भाऊसाहेब."

"उजवीकडचे. सोसायटीचे व्हाईस चेअरमन."

मग साहेब दोन पावलं पुढे जायचे, उजवीकडच्याचे हात हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "माउली गेली." त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. खरंच यायचं. गाडीत बसल्यावर ते रुमालाने पुसायचे आणि विचारायचे, "पुढचा कोण?"

मतदारसंघाचा पूर्वेचा भाग द्राक्षांचा, तिथे मतं. पश्चिमेचा भाग पेठच्या बाजूचा, डोंगराचा, तिथे विखुरलेले पाडे. पश्चिमेला साहेब पाच वर्षांतून एकदा जात. तिथल्या एका गावात नदीच्या अलीकडे आरोग्य उपकेंद्र होतं आणि नदीच्या पलीकडे चार पाडे. पूल नव्हता. पावसाळ्यात पलीकडचा माणूस आजारी पडला तर पाणी उतरेपर्यंत वाट बघायची.

उपकेंद्रावर एक नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणत, मीही तेच म्हणतो. बाई सटाण्याकडची, नवरा लवकर वारलेला, दोन मुली नाशिकला मावशीकडे शिकायला ठेवलेल्या. चाळिशीची, उंच, आवाज मोठा. आवाजाचं मुद्दाम सांगतो. एका श्रावणात पलीकडच्या पाड्यावर एक पहिलटकरीण अडली. घरच्यांनी तिला झोळीत घालून नदीपर्यंत आणलं. पुढे पाणी. सिस्टर अलीकडच्या काठावर उभी राहून ओरडून सांगत होती, काय करायचं, कुठे दाबायचं, कधी थांबायचं, आणि पलीकडच्या बायका तसं करत होत्या. सकाळपासून दुपारपर्यंत. दुपारी पलीकडून उत्तर येणं बंद झालं. बाईही गेली, मूलही गेलं. सिस्टरला ते दिसत होतं. नदी एवढीच रुंद होती.

त्यानंतर तिने अर्ज लिहायला सुरुवात केली. आमच्या बंगल्यावरही तिचे अर्ज येत. मी त्यांवर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असं लिहून पुढे पाठवत असे. पुढचा श्रावण जवळ आला तेव्हा तिने रजा टाकली, कारण लिहिलं ‘घरगुती अडचण’, आणि नाशिकला येऊन ड्यूटीच्याच पांढऱ्या साडीत कलेक्टर कचेरीसमोर चादर अंथरून बसली. सोबत पाड्यांवरच्या पाच-सहा बायका. त्या संध्याकाळी भाकरी खात, ती खात नसे. फक्त पाणी.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर रोज सकाळी येऊन तिचं वजन आणि ब्लडप्रेशर बघत आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या एका तक्त्यावर लिहीत. वर नाव, खाली सात रकाने. पहिल्या दिवशी बावन्न किलो. मी रोज तिथून जाताना तो तक्ता वाचायचो. एक्कावन्न. पन्नास. मग कधी एकाने, कधी अर्ध्याने.

साहेबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "सरकारी नोकर आहे ती. तिला उठवायला खातं आहे. आपण कशाला?"

"वर्तमानपत्रात येतंय, साहेब. आतल्या पानावर."

"आतल्याच ना?"

सहाव्या दिवशी मुंबईहून त्यांचाच फोन आला. पूल मंजूर झाला होता. कुणीतरी वरच्या माणसाने आतलं पान वाचलं असावं. साहेबांचा त्यात हात इतकाच, की मंजुरीचा कागद निघाला तेव्हा ते मंत्रालयात त्याच मजल्यावर चहा पीत होते. "उद्या सकाळी मी येतो. फोटोवाल्यांना सांग. आणि रसाचं बघ," ते म्हणाले.

आपल्याकडे उपोषण असंच सुटतं. कुणीतरी मोठा माणूस येतो, उपाशी माणसाच्या तोंडाला रसाचा ग्लास लावतो आणि फोटो निघतो. सात दिवस उपाशी कोण होतं आणि सात मिनिटांपूर्वी कोण आलं, हे त्या फोटोत ग्लास कुणाच्या हातात आहे त्यावरून ओळखायचं. देणारा नेता, घेणारा उपाशी.

सातव्या दिवशी मी थर्मासमध्ये मोसंबीचा रस घेऊन हजर होतो. साहेब उशिरा आले, कारण ते वाटेत मिसळ खायला थांबले. नाशिकचा माणूस चार दिवस मुंबईत राहिला की परत आल्यावर आधी मिसळ खातो, हे मी समजू शकतो. पण त्यांनी तर्री दोनदा मागून घेतली होती. गाडीतून उतरले तेव्हा नाक लाल, कपाळावर घाम, आणि उचकी लागलेली. मी खुणेने मिशी पुसायला सांगितलं. ते चादरीवर सिस्टरच्या शेजारी जाऊन बसले. असे बसले की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, आठवडाभर इथेच आहेत.

"ताई, पूल आणला तुमचा," साहेब म्हणाले आणि त्यांना उचकी आली.

"कागद?" सिस्टर म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

"कागद काय, मी सांगतोय ना."

"तुम्ही सांगताय म्हणूनच विचारते."

पाड्यावरच्या बायका हसल्या. मी खिशातून मंजुरीच्या फॅक्सची प्रत काढून दिली. तिने ती सावकाश वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. मग मान हलवली. मी थर्मासमधून ग्लास भरून साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो तिच्यापुढे धरला. तिने घेतला. फोटोवाले गुडघ्यांवर बसले. इतक्यात साहेबांना अशी जोराची उचकी आली की सगळं अंग हललं. सिस्टरने त्यांच्याकडे पाहिलं. लाल तोंड, घाम, पाणावलेले डोळे. वीस वर्षांची नर्सची सवय. तिने ग्लास त्यांच्या तोंडापुढे धरला आणि म्हणाली, "आधी तुम्ही घ्या दोन घोट. श्वास रोखून घ्या."

तेव्हा फ्लॅश उडाले.

साहेबांनी दोन घोट घेतले. बरं वाटलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटून सगळा ग्लास संपवला. थर्मासमध्ये उरलेला रस अर्धा ग्लासही नव्हता. "भाऊसाहेब, ताईंसाठी दुसरा आणा," असं म्हणून ते उठले, गाडीत बसले आणि गेले. त्यांच्यामागे फोटोवाले गेले. मी शालिमार चौकापर्यंत जाऊन रस घेऊन आलो, तोपर्यंत ती तशीच बसली होती. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईने तिला रस पाजला. तो फोटो कुणी काढला नाही. चादर घडी करताना पुठ्ठ्याचा तक्ता खाली पडला होता. मी उचलला आणि पिशवीत घातला. का घातला, ते मला त्या दिवशी सांगता आलं नसतं.

संध्याकाळी फोटो आले. चांगला आलेला एकच होता. चादरीवर बसलेले साहेब, डोळे मिटलेले, चेहरा ओढलेला, घामाने डबडबलेला. आणि पांढऱ्या साडीतली नर्स त्यांना रस पाजतेय. सात दिवस उपाशी असलेला माणूस याहून वेगळा दिसत नाही. साहेब म्हणाले, "हा काय कामाचा? उलटं झालंय सगळं."

मी म्हणालो, "उलटं नाही, साहेब. सुलटंच आहे." आणि फोटोच्या मागे लिहिलं: ‘पाड्यांच्या पुलासाठी सुरू केलेले उपोषण, पूल मंजूर होताच आमदारांनी परिचारिकेच्या हस्ते रस घेऊन सोडले.’

साहेबांनी दोनदा वाचलं. "वाक्य चांगलंय," एवढंच म्हणाले.

मला कुणी सांगितलं नव्हतं. धमकावलं नव्हतं. मला ते सुचलं, आणि सुचल्याचा आनंद झाला. साहेबांविषयी मी इथे जे लिहितो आहे त्यात तुच्छता असेल तर असू द्या, ती त्यांनी कमावली आहे. पण ते वाक्य त्यांचं नव्हतं. त्यांना ते सुचलंच नसतं.

मोठी वर्तमानपत्रं हे छापणार नव्हती, त्यांच्या बातमीदारांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी ते एका साप्ताहिकाला दिलं, जे साहेबांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींवर चालायचं. मग कात्रण काढून फाइलला लावलं. छापलेलं कात्रण असलं की पुढे कुणी विचारत नाही, मागे काय झालं.

सिस्टरने मात्र विचारलं. पंधरा दिवसांनी ती साप्ताहिकाचा अंक घेऊन बंगल्यावर आली. खोलीत वीसेक माणसं बसली होती. तिने अंक साहेबांपुढे ठेवला.

"उपाशी कोण होतं, साहेब?"

"बसा ताई. चहा घ्या."

"चहा नको. तुम्हाला उचकी लागली होती म्हणून मी ग्लास दिला. हे लिहा खाली."

कुणीतरी खुदकन हसलं. साहेबही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला ती खूण माहीत होती. ती गेल्यावर ते म्हणाले, "भाऊसाहेब, हिने रजेचं कारण काय लिहिलं होतं?"

तिच्या खात्यातल्या ओळखीच्या लिपिकाकडून मला ते कळलं होतं. मी सांगितलं. मग साहेबांच्या लेटरहेडवर मी तिच्या खात्याला पत्र लिहिलं, की सदर कर्मचारी रजेचे खोटे कारण देऊन आंदोलनात सहभागी झाल्याच्या तक्रारी आहेत, तरी चौकशी व्हावी. चार ओळी. सुवाच्य अक्षरात मसुदा, मग टाइप.

महिन्याभरात तिला नोटीस गेली. नोकरी जाऊ शकत होती. दोन मुली शिकत होत्या, थोरली दहावीला. यावेळी ती आली तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून राहिली. मीच तिला आत बोलावलं. मी नोटिशीला द्यायच्या जबाबाचा कागद तयार ठेवला होता. त्यात तिच्या तोंडी लिहिलं होतं, की उपोषणास लोकप्रतिनिधी बसले असल्याने त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्यासाठी आपण रजेवर असतानाही सेवाभावाने तिथे हजर होतो. सोबत साहेबांचं प्रमाणपत्र, की हे खरं आहे. म्हणजे ती आंदोलक नव्हती, नर्स होती. नोकरी वाचली, वर कौतुक.

मला माझ्या हुशारीचा तेव्हाही अभिमान वाटला. रोगाचं पत्र माझं, औषधाचंही माझंच.

तिने कागद सावकाश वाचला, फॅक्स वाचला होता तसा. शेवटच्या ओळीपर्यंत.

"डॉक्टरांचा तक्ता होता. त्यावर माझं नाव होतं, वजन होतं. तो कुठाय?"

"दवाखान्यात असेल," मी म्हणालो. तो माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होता. तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

तिने हात पुढे केला. मी पेन दिलं. सही करून ती म्हणाली, "पेनसुद्धा तुमचंच," आणि उठली.

पूल झाला. उद्घाटनाला मांडव, बँड, कोनशिला. कोनशिलेवर साहेबांचं नाव आणि खाली ‘यांच्या उपोषणातून साकार’. ती ओळही मीच दिली. मांडवाच्या कोपऱ्यात सिस्टर औषधांची पेटी घेऊन ड्यूटीवर उभी होती. गर्दीत कुणाला चक्कर आली तर म्हणून. साहेबांनी भाषणात त्या सात दिवसांचं वर्णन केलं. तिसऱ्या दिवसानंतर भूक कळत नाही, फक्त जीभ जड होते, असं ते म्हणाले. हे त्यांना कुठून कळलं याचा मी खूप विचार केला. मग आठवलं, सिस्टरची मुलाखत आतल्या पानावर आली होती. ते कात्रण मीच त्यांना वाचून दाखवलं होतं.

पुढच्या निवडणुकीत ती गोष्ट प्रचारात आली. मग विधानसभेच्या सदस्य-परिचयासाठी माहिती मागवली, त्यात गेली. एकदा परिचयात गेली की झालं. त्यावरून सत्काराची मानपत्रं, त्यावरून साठीचा गौरवग्रंथ. गौरवग्रंथात तर उपोषण अकरा पानांचं झालं.

दोन हजार सालानंतर कधीतरी साहेब आमदारांच्या अभ्यासदौऱ्यावर ऑस्ट्रेलियाला गेले. द्राक्षशेती पाहायला. येताना एक मोठ्या कडेची टोपी आणली, ती एकदा घालून दिंडोरीच्या बागेत फोटो काढला आणि मग टोपी ड्रायव्हरला दिली. दौऱ्याचा अहवाल मीच लिहिला, न जाता. संदर्भासाठी त्यांनी कागदांची एक पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. त्यात तिथल्या एका राज्याच्या विधानसभेतल्या सदस्याचा परिचय होता. एक पान, बिनफोटोचं. साहेब म्हणाले, "हा माणूस आमच्यासोबत जेवायला होता. त्याने स्वतः दिलं हे. वाच, गंमत आहे."

मी डिक्शनरी घेऊन वाचलं. दुधाचा धंदा होता. निवडून आला. पुढच्या वेळी पडला. परत दुधाच्या धंद्यात गेला. पुन्हा निवडून आला. रस्त्यांच्या कमिटीवर होता. एका रस्त्याबद्दल सभागृहात चुकीची माहिती दिली, पुढच्या आठवड्यात उभं राहून ती दुरुस्त केली.

"पडला तेपण लिहिलंय," साहेब हसत होते. "आणि चूक केली तीपण. असल्याला कोण मत देतं?"

मीही हसलो. पण तो कागद मी टाकला नाही. तक्त्यासोबत खणात ठेवला. एक पान होतं, आणि ते वाचून तो माणूस मला समोर दिसत होता. मी साहेबांवर चारशे पानांचा गौरवग्रंथ लिहिला होता आणि त्यात साहेब कुठेच नव्हते.

त्यापुढच्या निवडणुकीत साहेब पडले. महिनाभर त्यांनी कुणाचा फोन घेतला नाही. मग पुन्हा गंगेवर दशक्रियांना जाऊ लागले, पण आता लोक स्वतःहून बाजूला होत नसत. मी निवृत्त झालो. काही वर्षांनी साहेब गेले. त्यांच्या दशक्रियेला मी नेहमीच्या जागी अर्ध्या पावलावर मागे उभा राहिलो, आणि पुढे कुणी नव्हतं.

शोकप्रस्तावाची बातमी छापून आल्यावर आठवड्याभरात कार्यकर्ते घरी आले. पुलाला साहेबांचं नाव द्यायचं होतं, ग्रामसभेत ठराव होता, मोठी पाटी लागणार होती. "भाऊसाहेब, मजकूर तुमच्याशिवाय कोण लिहिणार? उपोषण ठळक येऊ द्या." मी हो म्हणालो. सवय. ते गेल्यावर कागद घेऊन बसलो आणि पहिल्यांदाच मला वाक्य सुचलं नाही. मग मी निवृत्त होताना खणातून आणलेला पुठ्ठा आणि मसुदे काढले.

सिस्टर नाशिकरोडला धाकट्या मुलीकडे राहत होती. निवृत्त होऊन थोडे दिवस झाले होते. दार तिनेच उघडलं. मला ओळखलं, पण बसा म्हणाली नाही. मी उभ्यानेच तक्ता तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावला.

"सत्तेचाळीस," ती म्हणाली. शेवटचा आकडा. "दवाखान्यात होता ना?"

"नाही. माझ्याकडे होता."

"आणि खात्याला पत्र?"

"तेही मीच लिहिलं होतं."

हे तिला माहीत नव्हतं. ती खुर्चीवर बसली. तिला वाटत आलं होतं, की आपल्याच रजेच्या चुकीमुळे नोटीस आली आणि साहेबांच्या माणसाने निदान त्यातून सोडवलं. इतकी वर्षं तिने मला मनात थोडीशी जागा दिली होती. ती माझ्यादेखत काढून घेतली.

मी म्हणालो, "ग्रामसभेत सगळं सांगतो. पाटीवर तुमचं नाव लावायला लावतो."

"जबाब माझ्या सहीचा आहे. खोटा दिला म्हणून पेन्शन अडवतील का?"

"अडवू शकतात."

"मग तुम्ही सांगा की जबाब तुम्ही लिहिला. मसुदा तुमच्या अक्षरात असेल ना?"

"आहे."

"तो दाखवा. आणि माझं नाव नका लावू. त्यांचं काढा." तिने तक्ता परत दिला. "माझं नाव लावलं की तुम्ही सुटलात. असं नाही. आधी त्यांचं काढून या. आणि ती पलीकडे वारली, ती कुठेच नाही तुमच्या लिहिण्यात. माझ्या जबाबातही नाही. तिचं काय करताय तेही सांगा."

मी ग्रामसभेला गेलो. शाळेच्या पटांगणात सत्तर-ऐंशी माणसं होती. कार्यकर्त्यांनी मला पुढे बोलावलं, साहेबांची सावली वगैरे म्हणाले. मी उभा राहिलो आणि तक्ता वाचला. नाव, मग वजनं. बावन्न, एक्कावन्न, पन्नास. मग पत्राचा मसुदा वाचला, मग जबाबाचा. दोन्ही माझ्या अक्षरात आहेत हे सांगितलं. उचकीचंही सांगितलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

मला वाटलं होतं खळबळ होईल. पुढे बसलेले कार्यकर्ते खाली बघत होते. मागे पाड्यांवरच्या बायका बसल्या होत्या. त्यातली एक म्हातारी, जिने दुसरा ग्लास पाजला होता, ती बसल्या जागेवरून म्हणाली, "आमाला ठावं हाय हे सगळं. आमी तिथंच व्हतो ना. तुमी आज का सांगता?"

मी कागदांची घडी घालू लागलो.

"त्यो जिता असताना सांगितलं असतं, त मजा आली असती," ती म्हणाली, आणि बायका हसल्या. मला हसल्या, साहेबांना नाही.

ठराव बारगळला. पाटी लागली नाही. कोनशिला आहे तिथेच आहे, ती काढायचा ठराव कुणी मांडला नाही, आणि मांडावा असं मी म्हटलं तेव्हा सरपंच म्हणाले, दगड आहे, राहू द्या. विधानसभेच्या सचिवालयाला मी पत्र लिहिलं, की परिचयातलं पाचवं वाक्य खोटं आहे, ते मीच लिहिलं होतं. उत्तराची मी वाट पाहिली नाही. सिस्टरला फोन केला. "त्यांचं नाव लागलं नाही," मी सांगितलं. ती म्हणाली, "कोनशिला?" "आहे तिथेच," मी म्हणालो. तिने फोन ठेवला.

म्हणून आता हे लिहितो. चारशे पानांच्या ग्रंथाऐवजी साहेबांचा परिचय त्या ऑस्ट्रेलियातल्या दूधवाल्यासारखा एका पानात लिहायचा मी ठरवलं. पानही भरलं नाही. तो असा:

दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा. कॉलेज अर्धवट सोडलं. खतांचं दुकान चालवलं. आमदार झाले, पुन्हा झाले, मग पडले. दुसऱ्यांच्या दुःखात रडू शकत, नाव मागून सांगावं लागे. त्यांच्या मतदारसंघात एका श्रावणात एक पहिलटकरीण आणि तिचं मूल नदीच्या काठावर वारलं, कारण पूल नव्हता. त्या पुलासाठी एका नर्सने सात दिवस उपोषण केलं आणि पाच किलो वजन घालवलं. सातव्या दिवशी साहेब आले, आणि तिच्यासाठी आणलेला रस प्यायले.